दार झालं, पॅनेल चढली, खिडकी अर्ध्यावर

खोलीत बाहेरचा आवाज कमी यावा आणि आतला घुमू नये म्हणून माझं काम चाललंय. त्याच्या या टप्प्याची नोंद थोडी लांब आहे, कारण बहुतेक सगळी दारावरच आहे. आवाज शोषणारी पॅनेल तयार होऊन भिंतीवर लागली, खिडकीचं काम अर्धवट आहे आणि रंगाला अजून हात लावलेला नाही. रंग मुद्दाम शेवटी ठेवलाय. सिलिकॉन भरणं, स्क्रूची भोकं, पट्ट्या सगळं उरकलं की लांबी (भोकं-भेगा बुजवायची पुट्टी), पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग एकदाच होतो आणि भिंत पुन्हा खराब होत नाही.

दारापासून सुरुवात करायचं कारण साधं आहे. एखाद्या भिंतीची १ टक्का जागा जरी उघडी असली, तरी ती अख्खी भिंत जास्तीत जास्त २० डेसिबलपर्यंतच (डेसिबल हे आवाज मोजायचं एकक) आवाज अडवू शकते. बाकीची ९९ टक्के विटांची असो की काँक्रीटची, त्याने फरक पडत नाही. आता हेच दाराला लावून बघा. दोन मीटर उंच दाराखाली १० मिलिमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा अर्धा टक्का. तेवढ्यानेच दाराची कमाल २३ डेसिबलवर येऊन थांबते, आणि बाजूच्या फटी यात धरलेल्याच नाहीत. म्हणून महागडं दार घेण्याआधी फटी बुजवाव्यात असं माझं ठाम मत आहे.

फटी शोधायला रात्री खोलीत पूर्ण अंधार केला आणि दाराबाहेर जमिनीवर टॉर्च पेटवून ठेवला. बिजागरीच्या बाजूला खाली उजेडाची बारीक रेघ दिसली, वरच्या कोपऱ्यात ठिपका, आणि उंबऱ्याशी तर सरळ पट्टाच. मग कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावायचं आणि ओढून पाहायचं. कडीच्या बाजूला कागद सहज सुटला, म्हणजे तिथे जाड रबर हवं. बिजागरीकडे तो घट्ट अडकला, तिथे पातळ. एकाच जाडीची रबर पट्टी चारी बाजूंना लावली की एकीकडे कडी बसत नाही आणि दुसरीकडे हवा येत राहते. चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी केल्यावरच पट्टी चिकटवली. धूळ राहिली की ती काही आठवड्यांत सोलून येते.

खालच्या फटीला ब्रशची पट्टी लावू नका. ती धूळ अडवते, आवाज नाही. मी दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी रबराची पट्टी बसवली. दाराच्या कडेला एक बटण असतं, चौकटीने ते दाबलं की रबर जमिनीवर टेकतं आणि दार उघडताच वर जातं, त्यामुळे फरशीवर घासत नाही. फरशी किंचित उंचसखल होती, म्हणून तिथे आधी ॲल्युमिनियमची सपाट पट्टी ठोकली. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: खोलीत गॅसवर किंवा जाळावर चालणारं काहीही असेल, तर खोली अशी हवाबंद करायची नाही.

फटी गेल्यावरच वजनाकडे वळलो. दार आतून पोकळ होतं, म्हणून एका बाजूला १२ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) जोडलं. ते चौरस मीटरला साधारण ९ किलो भरतं. वजन दुप्पट झालं की हिशोबाने ६ डेसिबल मिळतात, प्रत्यक्षात थोडे कमी. एमडीएफ कडांपासून आत ठेवलं, म्हणजे चौकटीला घासत नाही. एक बिजागरी वाढवली. हँडलची दांडी जाड दाराला पुरत नाही, ती लांब घ्यावी लागते. आता बाहेर कोणी बोलत असेल तर बोलणं चाललंय एवढं कळतं, शब्द उमगत नाहीत. मला हवं होतं ते हेच.

पॅनेलचं काम वेगळं, हे नवीन मंडळींसाठी पुन्हा सांगतो. फोम किंवा रॉकवूल (दगडापासून केलेल्या तंतूंची लादी) खोलीतला घुमणारा आवाज शोषतं, शेजारचा टीव्ही अडवत नाही. अंड्यांच्या ट्रेचा तर दोन्हीला उपयोग नाही. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५च्या सुमारास हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आणून, घुमणं किती कमी होतं ते मोजलं होतं. त्यांच्या सूत्रातला कामाचा भाग असा: शोषण दुप्पट केलं की घुमण्याचा काळ निम्मा होतो. मीही खर्च करण्याआधी घरातल्या गाद्या आणि रजया भिंतीला टेकवून टाळी वाजवून ऐकली. कुठल्या भिंतीला पॅनेल हवं ते तिथेच ठरलं.

लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर रॉकवूल, वरून कापड, आणि भिंतीपासून तेवढंच अंतर सोडलं. मागच्या मोकळ्या हवेने खालचे सूरही बरे शोषले जातात, तेही फुकटात. पण १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ३.४ मीटर असते, त्यामुळे एवढ्या जाडीकडून बासची अपेक्षा ठेवू नये. कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची, आरपार गेली तर चालतं. रॉकवूल दातेरी सुरीने छान कापलं जातं, मात्र मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

खिडकी सरकती आहे. चौकट आणि भिंत यांच्यातल्या भेगा सिलिकॉनने भरल्या. खालच्या खाचेतली पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवली, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल. आतून दुसरं तावदान बसवायचंय, बाहेरच्यापासून १०० मिलिमीटर लांब आणि जाडीला वेगळं, म्हणजे दोन्ही काचा एकाच सुराला कमजोर पडत नाहीत. काच की ॲक्रिलिक एवढंच ठरायचंय. ६ मिलिमीटर काच चौरस मीटरला १५ किलो, तेवढंच जाड ॲक्रिलिक ७. चुंबकी पट्टीवर काढघाल करायला ॲक्रिलिक सोपं, पण अडवायला वजनच लागतं, त्यामुळे माझा कल काचेकडे आहे. चौकटीचं लाकूड कापून ठेवलंय. ती बसली की लांबी आणि रंग.