पवनेच्या काठाने, ऐन एप्रिलात

पहाटे पाचच्या आत चांदणी चौक सोडला. एप्रिलात पवनेला सायकलवर जायचं म्हटलं की घरचे कपाळाला हात लावतात, पण पावसाळ्यात अख्खं पुणं तिकडं लोटतं आणि हिवाळ्यात धरण चांगलं भरलेलं असतं, मला तर बघायचं होतं ते पाण्याखालचं. त्यासाठी धरण उतरावं लागतं आणि ते उतरतं उन्हाळ्यातच. सोबत एक मित्र, त्याला इतिहासात काडीचा रस नाही, फक्त घाट चढायचे असतात, त्यामुळे आमचं छान जमतं.

पिरंगुटपर्यंत ट्रकच ट्रक, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पौडला पोहे आणि दोन कटिंग. तिथून सरळ गेलं तर मुळशी, जिथे 1921 मध्ये सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, पण आम्ही कोळवणच्या रस्त्याला लागलो आणि गाड्यांचा आवाज एकदम बंद झाला. उजाडलं होतं, करवंदाच्या जाळ्या रस्त्यालाच टेकलेल्या, अजून हिरवीच करवंदं. हाडशीच्या पुढचा चढ मात्र जीव काढतो. सगळ्यात हलका गिअर टाकून पण चाक जागचं हलेना, मित्र केव्हाच दिसेनासा झाला, आणि मी मान खाली घालून फक्त पुढच्या चाकाखालचं डांबर बघत राहिलो.

वर आलं की मग सगळं एकदम समोर येतं. तिकोना अगदी अंगावर, पाण्यापलीकडे तुंगाचं टोक, आणि मागे लोहगड-विसापूरची जोडी, लोहगडाची विंचूकाट्याची सोंड इथूनही ओळखू येते. रील्समध्ये हे सगळं "गडांच्या कुशीतलं तळं" वगैरे म्हणून येतं. पण हे तळं माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे हो! धरणात पाणी अडलं ते 1970 च्या आसपास. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले त्यात हे चारही होते, तेव्हा इथे खाली पाणी नव्हतं, नदी होती, शेतं होती, गावं होती. तुंग-तिकोन्याची नजर होती ती या खोऱ्यावर आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर. आज तुंगावर उभं राहून आपण पाणी बघतो, गडकऱ्याला खाली कोण येतंय-जातंय ते दिसायचं.

जवणच्या पुढे विचारत विचारत वाघेश्वराकडे वळलो. रस्ता संपला तिथून सायकली ढकलत, तडकलेल्या गाळातून, बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीट असतात, त्यात माती जाऊन बूट दगडासारखे झाले. देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी हटलं की बाहेर येतं. काळ्या दगडाचं, हेमाडपंती धाटणीचं, शिखर आता नाही. एका खांबाजवळ बसून बघितलं तर कोरीवकामाच्या खाचेत गाळ सुकून बसलेला आणि त्यात नखाएवढा शिंपला अडकलेला, पांढराशुभ्र. बोटाने काढायला गेलो तर निघेना. आत पिंडीवर मात्र ताजी फुलं होती, म्हणजे आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. काठावर कुणी दोघं-तिघं टेंट लावून रात्रीचा स्पीकर अजून वाजवत होते, असो.

गुरं घेऊन आलेले एक बाबा भेटले. "सायकलीवं आला व्हय पुण्यास्नं? गाडी न्हाई का?" हा प्रश्न विचारून झाला मग बसले. त्यांचं जुनं घर कुठे होतं ते त्यांनी हाताने दाखवलं, नुसतं पाणी होतं तिकडे. म्हणाले, "आमी जमीन दिली, पान्याला बी आन् बंगल्यांस्नी बी." बदली जमिनीचं विचारलं तर हसले फक्त. पवनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची मागणी आता तिसऱ्या पिढीत आलीये, आणि काठाने मात्र लेकव्ह्यूचे बोर्ड ओळीने उभे आहेत. मला हे बोर्ड बघून दर वेळी चीड येते, आणि मीही त्याच पाण्याचे फोटो काढतो तो भाग वेगळा.

तिथून तिकोनापेठ, मग पवनानगर. ऊन चांगलंच चढलं होतं. पिठलं-भाकरी आणि ताक, ताकाचे किती ग्लास झाले ते मालकालाच माहीत. बेडसे लेणी वाटेतच होती, तिथल्या खांबांवर घोड्या-हत्तींवर बसलेल्या स्वारांच्या जोड्या आहेत, दोन हजार वर्षांच्या, पण पायऱ्या जवळपास चारशे आणि मांड्यांनी साफ नकार दिला.

कामशेतला हायवेला लागलो. तिथून जवळच बऊर. या धरणाचं पाणी नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडसाठी उचलतात. त्याऐवजी धरणातून थेट बंद पाइपलाइन न्यायची ठरली तेव्हा मावळातले शेतकरी नदीच कोरडी पडेल म्हणून या बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले, 9 ऑगस्ट 2011, पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. मित्राला हे काहीच माहीत नव्हतं, आणि तो राहतो निगडीला, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्येच! बराच वेळ गप्प पेडल मारत होता, मग वडगावच्या पुढे म्हणाला, आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं तरी सोसायटीत लोक पाइप लावून गाड्या धुतात. मग त्यावरून सोमाटण्यापर्यंत आमचं जे भांडण झालं, त्यात उन्हाचं भानच राहिलं नाही.