तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गोझू’त एवढं काय आहे?

ताकाशी मीइकेचा ‘गोझू’ माझा लाडका आहे हे कळलं की लोक एकच प्रश्न विचारतात, “त्यात कळण्यासारखं काय आहे?” २००३ चा हा जपानी सिनेमा केला होता थेट व्हिडिओ बाजारासाठी, पण तो पोचला कान चित्रपट महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात.

बरेच जण सुरुवातीलाच उठतात. याकुझा, म्हणजे जपानी गुंडांची टोळी, हॉटेलात बसलीय. त्यातला ओझाकी टोळीच्या साहेबांना सांगतो, आता बोलेन ते मनावर घेऊ नका, सगळी थट्टा आहे. मग म्हणतो, बाहेरचा तो कुत्रा याकुझांना मारायला शिकवलेला आहे. बाहेर कोण? मुठीत मावेल एवढा चिवावा. ओझाकी बाहेर जाऊन त्याला आपटतो, काचेवर भिरकावतो. हसू फुटतं आणि त्याच क्षणी पोटात कालवतं.

साहेब ठरवतात, हा कामातून गेला, नागोया शहरात नेऊन संपवा. काम येतं टोळीतल्याच मिनामीवर. तो ओझाकीला ‘आनिकी’ म्हणतो, म्हणजे मोठा भाऊ. आणि याच भावानं कधीतरी त्याचा जीव वाचवलेला आहे. वाटेत गाडीला करकचून ब्रेक लागतो, आनिकी मान टाकतो. मिनामी फोन करायला कॉफीच्या दुकानात शिरतो, परत येतो तर गाडी रिकामी!

माझं उत्तर इथे आहे. पुढचे दोन तास मिनामीवरून नजर हलवू नका. आधी तो प्रेत शोधतो हुकमापोटी. नागोयात सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट, अंडं फुकट मिळण्याची रीत खरीच आहे. मिनामीसमोर मात्र चावानमुशी, म्हणजे वाफवलेलं अंड्याचं पातळ कस्टर्ड येतं. तेही तो मुकाट्यानं खातो. अर्धा चेहरा पांढरा असलेला माणूस वाट दाखवतो, हा निघतो. खाणावळीची मालकीण नको तितकी जवळ येते, तरी याच्या तोंडून वावगा शब्द नाही. (तो भाग मलाही जड जातो. मुलांसोबत तर हा सिनेमा मुळीच बघू नका.)

गोझू म्हणजे बैलाचं डोकं, बौद्ध नरकातला बैलतोंड्या रखवालदार. तिथला राजा एन्मा म्हणजे आपलाच यम. हा बैलतोंड्या चड्डीवर येऊन मिनामीचं तोंड चाटतो तेव्हा मला भीतीपेक्षा कणव येते. माणूस मेलेल्याच्या मागे गेलाय, त्याला दुसरं कोण भेटणार?

मग एक तरुण बाई येऊन म्हणते, मीच ओझाकी. फक्त त्या दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगते. माझा मामेभाऊ पहिल्या वेळी चिवावाला उठून गेला होता. दुसऱ्यांदा इथवर आला, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “भेटला गं याला एकदाचा.”