पॅरिस ऑलिंपिक : कुंपण, संपाची नोटीस आणि जळालेल्या केबल

जुलै २०२४. माझं हॉटेल इल सें-लुई बेटावर, म्हणजे नेमकं 'राखाडी' पट्ट्यात. उद्घाटन सोहळा स्टेडियममध्ये नव्हता, सीन नदीवर होता. ऑस्टरलिट्झ पुलापासून त्रोकादेरोपर्यंत सहा किलोमीटर. त्यामुळे १८ जुलैपासून २६ तारखेच्या सोहळ्यापर्यंत दोन्ही काठांवर लोखंडी जाळ्या लागल्या. सुरक्षेसाठी भागांना रंग दिले होते. लाल पट्ट्यात बंदी फक्त मोटारींना. राखाडी पट्ट्यात पायी जायलाही 'पास जू' लागायचा, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून मिळणारा क्यूआर कोड.

अर्जाला फोटो, ओळखपत्राची प्रत आणि त्या भागात राहत असल्याचा पुरावा लागायचा. अर्जदाराची पोलिसी पडताळणी व्हायची, म्हणून घाईचा अर्ज हमखास लटकायचा. आपली खरी गोची नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडून छापलेलं असतं आणि हॉटेलच्या बुकिंगवर नुसतं नाव-आडनाव. मी बुकिंगवरचं नाव आधी पासपोर्टप्रमाणे करून घेतलं, मगच अर्ज भरला. नाक्यावरचा पोलीस कोड स्कॅन करायचा आणि लगेच ओळखपत्र मागायचा. कोड कागदावर छापून ठेवणंच बरं होतं. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि रांगेत बॅटरी संपली तर पोलीस काहीही ऐकून घ्यायचा नाही.

नदी ओलांडायची तर पूल विसरायचे आणि जमिनीखालून जायचं. चार नंबरची मेट्रो शातलेहून पलीकडे जात होती, फक्त मधल्या सिते स्टेशनवर थांबत नव्हती. पाँ-नफ, त्विलरी आणि काँकॉर्डही बंद. २० जुलैपासून सुट्टं तिकीट २.१५ युरोंवरून ४ युरोंवर गेलं. आधी घेतलेली तिकिटं चालत होती, म्हणून १९ तारखेलाच पुरेशी घेऊन ठेवली.

राजकारणाची धास्ती सगळ्यांना होती. ९ जूनला राष्ट्राध्यक्ष माक्राँनी संसद विसर्जित केली, ७ जुलैच्या निकालात कुणालाच बहुमत नाही, आणि १६ जुलैपासून काळजीवाहू सरकार. अशा वेळी कामगार संघटनांचं वजन वाढतंच. पण तिथे संपाची नोटीस आणि संप या दोन वेगळ्या गोष्टी. सार्वजनिक सेवेत पाच दिवस आधी नोटीस द्यावी लागते, नंतर वाहतूक कर्मचाऱ्याने ४८ तास आधी संपावर जात असल्याचं कळवायचं, आणि कोणत्या गाड्या धावणार ते प्रवाशांना २४ तास आधी सांगायचं. म्हणून मी नोटिशीच्या बातम्यांवर काही ठरवलं नाही, आदल्या संध्याकाळचं वेळापत्रक तेवढं पाहिलं. विमानतळावरचा १७ जुलैचा संप आणि सोहळ्यातल्या नर्तकांचा संप, दोन्ही ऐन वेळी मिटले.

न कळवता आलं ते २६ तारखेला पहाटे. कूर्तालाँ, अरासजवळ आणि पाञी-स्युर-मोझेल अशा तीन ठिकाणी वेगवान रेल्वेमार्गांच्या सिग्नलच्या केबल कुणीतरी जाळल्या. चौथा प्रयत्न दुरुस्ती कामगारांमुळे फसला. जागा जाणकाराने निवडलेल्या दिसतात. कूर्तालाँला अटलांटिक मार्गाचे दोन फाटे फुटतात, त्यामुळे एका आगीत ब्रिटनी आणि बोर्दो दोन्हींकडच्या गाड्या अडल्या. रूळ शाबूत होते, पण सिग्नलचा संदेश जात नसेल तर त्या वेगाने गाडी सोडता येत नाही. फायबर एकेक करून जोडायचं आणि प्रत्येक जोड तपासायचा, म्हणून तासांचं काम दिवसांवर गेलं. २९ तारखेला सकाळी सगळं सुरळीत झालं.

माझ्याकडे २७ तारखेचं, बास्केटबॉलसाठी लीलचं तिकीट होतं. एरवी हा तासाभराचा प्रवास. त्या दिवशी दहापैकी सात गाड्या, त्याही तासा-दोन तासांच्या उशिराने, कारण त्या जुन्या मार्गाने वळवलेल्या. रद्द करणं आणि तारीख बदलणं दोन्ही फुकट होतं, पण सामन्याचं तिकीट कोण बदलून देणार? मी तिकीट त्याच दिवशीच्या पहिल्या गाडीवर बदलून घेतलं. अमियाँमार्गे जाणाऱ्या साध्या गाड्यांच्या वेळाही लिहून ठेवल्या होत्या. त्या हळू जातात, पण वेगवान मार्गाच्या भरवशावर नसतात.

शातोरूला नेमबाजी पाहायला जाणाऱ्यांना मात्र या भानगडीची झळ लागायचं कारण नव्हतं. १ ऑगस्टला स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक जिंकलं ते तिथेच. तिकडची गाडी पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून सुटते आणि जुन्याच रुळांवरून जाते.