मुंबईहून स्वाहिली किनारा: नैरोबी, मोंबासा, दार-एस-सलाम, झांझिबार

आफ्रिका म्हटलं की मुंबईतल्या टूरवाल्यांची पत्रकं मसाई मारा आणि सिंहापलीकडे जात नाहीत. जंगल बघायला जरूर जावं, पण ज्यांना शहरं आणि इतिहास यांत रस आहे त्यांनी जीपगाडी बाजूला ठेवून किनारा धरावा. पन्नासहून जास्त देशांच्या खंडातला कुठला तरी एक तुकडा निवडावाच लागतो. मुंबईकरासाठी केनिया-टांझानियाचा किनारा सर्वांत फायद्याचा, कारण तिथल्या कितीतरी गोष्टींचं दुसरं टोक वसईत, नाशकात आणि मुंबई हायकोर्टात सापडतं.

मार्ग असा: मुंबई ते नैरोबी विमान, नैरोबी ते मोंबासा रेल्वे, मोंबासा ते दार-एस-सलाम बस, दार ते झांझिबार फेरीबोट, आणि झांझिबारहून विमानाने परत. दहा ते बारा दिवस काढावेत. काळाच्या हिशोबाने नैरोबी शेवटी यायला हवं, कारण या चौघांत ते सर्वांत नवं. पण मुंबईचं थेट विमान तिथेच उतरतं आणि साधारण सहा तासांत पोचवतं, म्हणून सुरुवात तिथून.

कधी जावं हे मोसमी वारे ठरवतात, आणि या किनाऱ्याचा इतिहासही त्यांनीच ठरवला. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणारा तो कास्काझी. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून येणारा तो कुसी. अरबस्तान, खंबायत, कोकण इथली गलबतं कास्काझीवर खाली यायची आणि कुसी सुरू झाला की घरी निघायची. मधले महिने व्यापाऱ्यांना किनाऱ्यावरच काढावे लागत. त्यातून घरं, लग्नं, मशिदी आणि अरबी शब्दांनी भरलेली एक बांटू भाषा, म्हणजे स्वाहिली संस्कृती, उभी राहिली. आजच्या प्रवाशाला यातून एवढंच लक्षात ठेवायचं की मार्चअखेर ते मे हा तिथला मोठा पाऊस, आणि आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी त्यात पडते. मे महिन्यात जाऊ नका. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबरही चांगला, फक्त कुसीमुळे फेरीबोट हलते. दिवाळीच्या सुट्टीत लहान पाऊस असतो, तो सहन होतो.

आता कागदपत्रं, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

केनियासाठी २०२४ पासून ऑनलाइन प्रवासपरवाना लागतो. शुल्क साधारण ३० डॉलर आणि वर थोडा सेवाआकार. टांझानियासाठी ई-व्हिसा, एकदाच प्रवेश, ५० डॉलर; अर्ज निदान तीन आठवडे आधी करावा. 'पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा' नावाचा एक प्रकार दिसेल आणि स्वस्त वाटेल, पण तो केनिया, युगांडा आणि रवांडापुरता आहे. टांझानिया त्यात नाही. झांझिबारने ऑक्टोबर २०२४ पासून स्वतःच्या सरकारी कंपनीचा प्रवासविमा सक्तीचा केला आहे, माणशी ४४ डॉलर. मुंबईत काढलेली पॉलिसी त्याऐवजी चालत नाही, पण म्हणून ती रद्दही करू नका. उपचाराचा मोठा खर्च आला तर तिचाच आधार.

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सर्वांत महत्त्वाची. केनियाहून टांझानियात शिरताना लशीचं पिवळं कार्ड मागतात आणि भारतात परततानाही मागतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर या दोन्ही आरोग्य कार्यालयांत सोय आहे, पण आधी वेळ घ्यावी लागते. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. पिवळ्या कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, शिक्का आणि लशीचा बॅच क्रमांक उमटलाय ना, हे केंद्रातून बाहेर पडायच्या आधी बघा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, आणि विमानतळावर त्या काढून घेतल्या जाऊ शकतात. चिवडा-लाडू कॅरीबॅगेत बांधून नेणाऱ्यांनी डबे किंवा कापडी पिशव्या वापराव्यात. प्लग तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. आपले चार्जर बसत नाहीत. डॉलरच्या नोटा नव्या आणि करकरीत न्या. २००९ च्या आधी छापलेल्या किंवा किंचित फाटलेल्या नोटा कोणी घेत नाही. टांझानियात २०२५ च्या नियमानुसार देशातले व्यवहार शिलिंगमध्ये करायचे आहेत, तेव्हा डॉलर बदलून घेऊनच बाजारात जा.

नैरोबीला एक दिवस पुरे. १८९९ मध्ये मोंबासाहून येणारा लोहमार्ग इथल्या दलदलीपर्यंत पोचला आणि पुढच्या चढाआधी रेल्वेने डेपो टाकला. शहर त्याभोवती वाढलं. रेल्वे संग्रहालय आधी बघा. १८९६ ते १९०१ या काळात झालेल्या युगांडा रेल्वेसाठी बत्तीस हजारांच्या आसपास मजूर आणि कारागीर हिंदुस्थानातून नेले, त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. मार्ग मीटरगेज ठेवला, कारण त्या मापाची सामग्री हिंदुस्थानातून सहज मिळत होती. संग्रहालयाहून शहरात येताना राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत लागते. तीही पूर्वी नॅशनल बँक ऑफ इंडियाची होती. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलन रुपयाच होतं.

मोंबासाची नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, वेळ पाच ते सहा तास. साध्या वर्गाचं भाडं साधारण १५०० केनियन शिलिंग, पहिल्या वर्गाचं ४५००. साधा वर्ग पुरेसा आहे. तिकीट ऑनलाइन मिळतं, पण पैसे एम-पेसा या मोबाइल पद्धतीने भरावे लागतात आणि परदेशी कार्ड बहुधा अडतं. उपाय सोपा: विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि एम-पेसा चालू करून घ्या, नाहीतर हॉटेलवाल्याला रोख देऊन त्याच्या फोनवरून काढा. नैरोबीचं स्टेशन स्योकिमाऊला, शहराबाहेर. मोंबासाचं मिरितिनीला, तेही बाहेर. सामानाची कुत्र्यांकडून तपासणी होते, म्हणून तासभर आधी पोचा. दिवसाची गाडी धरा आणि मोंबासाकडे जाताना उजवी खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर किलिमांजारो त्याच बाजूला दिसतो, आणि त्साव्होत हत्ती दिसायला वेगळं तिकीट लागत नाही.

घड्याळाचा घोळ मात्र इथूनच सुरू होतो. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. बसवाला 'सा म्बिली' म्हणाला तर त्याला दोन नव्हे, आठ म्हणायचंय. सहा तासांचा फरक धरा आणि वेळ कागदावर आकड्यात लिहून घ्या.

मोंबासाला तीन दिवस द्या, त्यातला एक अख्खा फोर्ट जीझसला. १५९३ मध्ये पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला. आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन स्थापत्यकाराचा. तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य अभियंता होता आणि हुकूम गोव्यातून सुटत. ज्यांनी वसईचा किल्ला नीट पाहिलाय त्यांना बुरुजांचे कोन ओळखीचे वाटतील, फरक दगडाचा: इथला दगड प्रवाळाचा. मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला तो डिसेंबर १६९८ पर्यंत चालला. आतली माणसं लढाईपेक्षा रोगराईने जास्त मेली. वसई त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. पोर्तुगीजांची सागरी सत्ता दोन्ही काठांवर कशी आटत गेली ते या दोन किल्ल्यांत मिळून वाचता येतं.

संग्रहालयात एका बुडालेल्या जहाजाच्या वस्तू आहेत. लोक तिथून भराभर पुढे जातात. थांबा. वेढ्याच्या वेळी मदतीला आलेलं 'सांतु आंतोनियु द ताना' हे जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोर बुडालं. ते बांधलं होतं वसईत, आणि नावातलं 'ताना' म्हणजे आपलं ठाणं. पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात त्याचं उत्खनन केलं. किल्ला सकाळी आठला उघडतो. दहाच्या आत फिरून घ्या, नंतर तटावर सावली नाही. दाराशी गाइड मागे लागतात. घ्यायचा तर आधी दर ठरवा आणि वरची दुकानभेट नको म्हणून सांगा.

दुसऱ्या दिवशी जुनं शहर पायी: न्दिया कूउ हा मुख्य रस्ता, मंध्री मशीद, लँगोनी रस्त्यावरचं संगमरवरी जैन मंदिर. मग बेटाबाहेर उत्तरेला फ्रिअरटाऊन. हे कुठल्याही सहलीत नसतं आणि मराठी माणसाने चुकवू नये. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत वसवली तेव्हा हे 'बॉम्बे आफ्रिकन' तिथे गेले. वसाहतीला नाव मिळालं सर बार्टल फ्रिअरचं; मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्याच्या कारकिर्दीत पाडल्या तोच हा गव्हर्नर. गुलामांची गलबतं दिसली की इशारा द्यायची घंटा अजून चौकात उभी आहे. मटाटूवाल्याला (मटाटू म्हणजे तिथली वडापची मिनीबस) 'केंगेलेनी' सांगितलं की तो तिथे उतरवतो.

मोंबासाहून दारची बस लिकोनीच्या फेरीने दक्षिणेला जाते आणि लुंगा लुंगा-होरोहोरो सीमा ओलांडते. अख्खा दिवस जातो. पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हातात ठेवा. डिक्कीतल्या बॅगेत राहिलं तर सगळी बस तुमच्यासाठी खोळंबते. उरलेले केनियन शिलिंग सीमेवरच्या हिंडत्या दलालाला देऊ नका, नोटा मोजताना हातचलाखी होते.

दार-एस-सलाम हे बंदराचं, धावपळीचं शहर. सुलतान माजिदने १८६० च्या दशकात ते वसवलं, जर्मनांनी १८९१ मध्ये राजधानी केलं. राष्ट्रीय संग्रहालयात १९५९ मध्ये ओल्डुवाईला सापडलेल्या 'झिंज' या आदिमानवसदृश कवटीची माहिती घ्या, किसुटू भागात गुजराती थाळी जेवा आणि दुसरा दिवस उत्तरेला पासष्ट-सत्तर किलोमीटरवरच्या बागामोयोला ठेवा. आतल्या मुलखातून येणारे काफिले इथे समुद्राला मिळत. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचं शव त्याच्या माणसांनी शेकडो कोस वाहून १८७४ मध्ये इथे आणलं. त्यांतला जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेतला. बागामोयोच्या निर्जन किनाऱ्यावर कॅमेरा गळ्यात घालून एकट्याने फिरू नये, लुबाडण्याचे प्रकार होतात.

झांझिबारची वेगवान फेरीबोट सुमारे दोन तास घेते. परदेशी माणसाला साधारण ३५ डॉलर. तिकीट ऑनलाइन किंवा कंपनीच्या कार्यालयाच्या आत जाऊनच; बाहेर गणवेशासारखा शर्ट घालून 'काउंटर बंद आहे' सांगणारे दलाल असतात. सकाळची बोट घ्या, वारा कमी असतो. उलटीची गोळी अर्धा तास आधी. देश तोच असला तरी उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा तपासतात.

स्टोन टाऊनमध्ये, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरात, नकाशाचा फारसा उपयोग नाही. फोनवरची खूण उंच भिंतींमध्ये भरकटते, म्हणून समुद्र कुठल्या बाजूला आहे तेवढं ध्यानात ठेवा. ओमानचा सुलतान सय्यद सईदने १८४० च्या सुमारास राजधानी मस्कतहून इथे आणली ती लवंगेच्या बागांसाठी, आणि बागा चालल्या गुलामांवर. जकातीचा मक्ता कच्छच्या जयराम शिवजींच्या पेढीकडे. सईदचा मुलगा बर्घश बंडात हरला तेव्हा ब्रिटिशांनी त्याला दोन वर्षं मुंबईत ठेवलं. पुढे सुलतान झाल्यावर त्याच बर्घशने १८७३ मध्ये ब्रिटिशांच्या दडपणाखाली गुलामांचा बाजार बंद केला. ब्रिटिश वकिलातीच्या कोर्टाचं अपील तर मुंबई हायकोर्टात यायचं.

बाजाराच्या जागेवर आता अँग्लिकन कॅथेड्रल आहे. शेजारचं प्रदर्शन आधी वाचा, मग तळघरं बघा. उलट केलं तर तळघरं नुसत्या बुटक्या खोल्या वाटतात. बर्घशने १८८३ मध्ये बांधलेला 'हाउस ऑफ वंडर्स' हा राजवाडा डिसेंबर २०२० मध्ये अर्धवट कोसळला, तेव्हा आत जाण्याची आशा धरू नका. त्याऐवजी किनाऱ्यावरचा थारिया टोपनचा जुना दवाखाना बघा, लाकडी सज्जांचं काम अप्रतिम आहे. रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीच्या नावाच्या संग्रहालयात गर्दी असते. तो पारशी मुलगा इथे जन्मला आणि पाचगणीत शिकला एवढं माहीत असेल तर आत नवीन फारसं नाही.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. सकाळी 'म्बाझी', म्हणजे नारळाच्या दुधातली तूर, आणि सोबत गोडसर 'महाम्री'. दुपारी 'उरोजो': आंबट पिवळ्या कढणात भजी, बटाटा, चटणी. त्यात मांसाचे तुकडे टाकायची पद्धत आहे, म्हणून आधीच 'सिली न्यामा, कुकू, वाला समाकी' म्हणा. नुसतं 'न्यामा नको' म्हटलं तर कोंबडी आणि मासा चालतो असं समजतात. संध्याकाळच्या फोरोधानी बागेतल्या ठेल्यांवर भाव आधी विचारा, आणि मासे खाणाऱ्यांनी समोर भाजलेलंच घ्यावं. रमजानमध्ये दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे बारा महिने.

परतीचं तिकीट काढताना विमान कुठे थांबतं ते बघा. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे आलात तर मुंबईत पिवळं कार्ड मागतील. शंख-शिंपले आणि प्रवाळ विकत घेऊ नका, विमानतळावर जप्त होतात. लवंग, दालचिनी दाराजानी बाजारातून घ्या. मसाल्याच्या बागांच्या सहलीत तीच पुडी दुप्पट-तिप्पट भावाने गळ्यात मारतात.