कमरेवरचा हात

‘डूला म्हणजे सुईणच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. डूला ही बाळंतपणात आईला आधार देणारी सोबतीण. सुईण बाळंतपण करायची. डूला आतून तपासत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषधाला हात लावत नाही. सिस्टरला एका वेळी तीन-चार जणी सांभाळायच्या असतात. डूला एकीपाशीच थांबते.

तिचं खरं कसब कमरेवरच्या दाबात. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असेल, तर डोक्याचा मागचा टणक भाग माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर रुततो आणि कळ पोटात न येता कमरेत येते. अशा वेळी आईला उताणी झोपवू नये. खुर्चीवर उलटं बसवावं, पुढे उशी द्यावी. तळव्याचा मनगटाजवळचा भाग त्या हाडावर ठेवायचा, कोपर ताठ, आणि कळ चढू लागली की अंगाचा भार टाकायचा. ओसरली की सोडायचं. चोळायचं नाही, त्वचा हुळहुळते. नुसत्या दंडाच्या जोरावर दाबलं तर दहा कळांत हात भरून येतात, आणि पहिलटकरणीचे अजून कितीतरी तास बाकी असतात. जागा दोन बोटं चुकली तरी उपयोग शून्य, म्हणून ‘वर की खाली?’ एवढंच विचारायचं. नवऱ्याला हे ३६व्या आठवड्यातच शिकवून ठेवावं.

दर दोन तासांनी लघवीला उठवायचं. सलाईन लागलं की बायका टाळतात, आणि भरलेली लघवीची पिशवी डोकं खाली सरकू देत नाही.

दवाखान्यात निघायचं कधी? पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की. हा हिशोब नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवाल्यांचा. सिन्नर-दिंडोरीहून येणारीने एवढं थांबू नये, संध्याकाळच्या द्वारका चौकातल्या गर्दीचा वेळ वेगळा धरावा. रक्त गेलं, पाणी हिरवट आलं, बाळाची हालचाल मंदावली, तर कळा मोजत बसू नये.

गर्भाशयाचं तोंड उघडताना शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरला थरथर सुटते, उलटी होते, ‘सिझर करा’ म्हणून ती रडते. घरचे इथेच घाबरतात. डॉक्टरांनी सिझर सांगितलं तर डूलाने मध्ये पडायचं नाही. पण बहुतेकदा ही शेवटची चढण असते. ‘झालंच आता’ मात्र म्हणू नये. तासाभराने तिचा विश्वास उडतो.

आत एकच माणूस सोडतात का, हे सातव्या महिन्यातच विचारा. नाहीतर नवरा की डूला, हा वाद लेबर रूमच्या दारात होतो.

बाळ रडलं की पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. जानेवारीत एसी आधीच बंद करून घ्यावा. तासाभरात चीक पाजायचा. तेवढ्यात आजी मधाची बाटली घेऊन येतात. वर्षाच्या आत मध नाही. हे सांगताना त्यांच्या हातात टोपडं आणि मोजे द्यावेत, म्हणजे बाटली आपोआप खाली ठेवली जाते.