मार डोक्याला, त्रास छातीला

रात्रपाळी करून आले, पण झोप येत नाही. पाच नंबरच्या पेशंटची बायको सकाळी दाराशीच भेटली. "सिस्टर, मार तर डोक्याला लागलाय ना? मग छातीचं काय बिघडलं?" घाईत म्हणाले, "राउंडला डॉक्टर सांगतील." खरं तर मलाही सांगता आलं असतं.

डोक्याला जबर मार बसला की अंगात ॲड्रेनलिनचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांवर दाब चढतो आणि कधीकधी छातीला धक्काही न लागता फुप्फुसांत पाणी भरतं. शिवाय बेशुद्धीत गिळणं-खोकणं नीट होत नाही. तोंडातलं, पोटातलं श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. याचं बहुतेक तसंच झालंय. तिसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत उजवी बाजू खालून पांढरी दिसत होती.

रात्री अडीचला सक्शन केलं, म्हणजे श्वासनळीत बारीक नळी घालून कफ ओढून काढला. कवटीतला दाब १४ मिमी पारा होता. नळी आत गेली, त्याला खोकला आला आणि आकडा २७ वर. हात मागे घेतला. २७, २६, पुन्हा २७. बघते तर मान एका अंगाला कललेली, व्हेंटिलेटरच्या ट्यूबची पट्टी गळ्याला रुतलेली. मान सरळ केली, पट्टी बोटभर सैल केली. डोक्यातलं रक्त मानेतल्या शिरांतूनच खाली उतरतं, त्या दबल्या की वर तुंबतं. १६ वर यायला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ मी पलंगापासून हलले नाही. कफ काढला नाही तर ऑक्सिजन उतरतो, त्याची झळ मेंदूलाच. काढायला जावं तर हे असं.

खरी ओढाताण कार्बन डायऑक्साइडची. रक्तात तो वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कवटीतला दाब वाढतो. फार उतरला की त्याच आकसतात. दाब कमी होतो, पण मेंदूला रक्त पुरत नाही. म्हणून ३५ ते ४५ मिमी पाऱ्याच्या आत, शक्यतो खालच्या बाजूला ठेवायचा. आणि आजारी फुप्फुसांना व्हेंटिलेटरचे मोठे श्वास सोसत नाहीत. एका श्वासाला, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली हवा, बस. लहान श्वासांनी कार्बन डायऑक्साइड साठतो. एरवी थोडा साठू देतात. इथे तीही सोय नाही.

१९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीची हकिकत मला फार जवळची वाटते. पेशंट घामाघूम, गुंगीत, रक्तदाब चढलेला. वाटायचं, विषाणूने मेंदूच गाठला. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखलं की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून श्वास दिले. मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मेंदूचा म्हणून सोडून दिलेला आजार श्वासाचा निघाला.

सात नंबरच्या आजोबांना नुसता न्यूमोनिया, डोक्याला काही नाही. तरी त्यांना रात्रभर भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. हे डेलिरियम आहे, आजारपणात मेंदूचा उडालेला गोंधळ, वेड नव्हे, हे त्यांच्या मुलाला दोनदा सांगितलं. फुप्फुसांतल्या सुजेचा परिणाम रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो.

आज पुन्हा रात्रपाळी. पाच नंबरच्या बाईंना भेटीच्या वेळेला बाकावर बसवून सगळं सांगणार आहे. पलंग डोक्याकडून ३० अंश का उचललाय, तेही. त्याच्या मानेखाली उशी द्या म्हणून त्या काल दोनदा आल्या होत्या, आणि मी नुसतं "नाही" म्हणाले होते.