ग्रीन नदीवरची ट्राउट: विसर्गाप्रमाणे हंगामाच्या नोंदी

अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रीन नदीचा फ्लेमिंग गॉर्ज धरणापासून लिटल होलपर्यंतचा साधारण ७ मैलांचा पट्टा म्हणजे ‘ए’ भाग. ट्राउट या गार पाण्यातल्या माशाच्या गळ-मासेमारीच्या या नोंदी मुख्यतः त्याच्याच आहेत. धरणापासून युटा-कोलोरॅडो सीमेपर्यंत फक्त कृत्रिम फ्लाय (हुकावर बांधलेला नकली किडा) आणि ल्युअर (इतर नकली आमिष) चालतात, जिवंत आमिष नाही.

फ्लायची पेटी उघडण्याआधी विसर्ग बघायचा. कोयनेच्या बातम्या वाचत वाढलेल्यांना क्युसेक नवा नाही. इथे किमान विसर्ग ८०० क्युसेकच्या आसपास असतो आणि वीजघरातून जास्तीत जास्त सुमारे ४,६०० क्युसेक सुटतात. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी दिवसातही चढतं-उतरतं. चढताना शेवाळ सुटून वाहत येतं आणि प्रत्येक फेकीला निम्फवर (पाण्याखालच्या अळीची नक्कल करणाऱ्या फ्लायवर) अडकतं. अशा वेळी वजन कमी करून काठालगतच्या संथ पाण्यात फेकावं. पाण्यात उतरल्यावर काठावरचा एक दगड खूण म्हणून धरावा. तो बुडू लागला की लगेच बाहेर यायचं.

दुसरा आकडा तापमानाचा. धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. पाणी जलाशयाच्या खोल थरातून सुटायचं, त्यामुळे उन्हाळ्यातही ते इतकं गार असायचं की ट्राउटची वाढ खुंटली. १९७८ मध्ये पाणी आत घेण्याच्या व्यवस्थेत बदल करून वेगवेगळ्या थरांतून पाणी उचलायची सोय झाली. आता उन्हाळ्यात ते साधारण १० ते १३ अंश सेल्सियस मिळतं. आज इथे जे मासे दिसतात, त्यामागे हा बदल आहे.

हिवाळा: खाणं म्हणजे चिलटं आणि स्कड (कोळंबीच्या जातीचा बारीक जीव). चांगला वेळ ११ ते ३. मांडणी: ९ फुटी लीडर (दोराच्या टोकाचा निमुळता पारदर्शक धागा), ५एक्स टिपेटवर (लीडरचं बारीक टोक; एक्सचा आकडा मोठा तितकं ते बारीक) १६ नंबरचा स्कड (हुकाचा नंबर मोठा तितका हुक लहान), त्याच्याखाली ४५ सेंमी अंतरावर ६एक्सवर २२ नंबरची चिलटाची अळी. इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारी खूण) फ्लायपासून खोलीच्या दीडपट अंतरावर ठेवला तर फ्लाय अनेकदा तळाच्या वरूनच निघून जाते. तो दुपटीपर्यंत नेला आणि स्कडच्या २० सेंमी वर वजनाचा एक छोटा मणी लावला, तेव्हा तळ लागू लागला. अधूनमधून तळाला घासलं पाहिजे. कधीच अडकत नसेल तर फ्लाय उंचावर आहे. गाठ ओली न करता आवळली तर ६एक्स तिथेच तुटतो.

एप्रिल-मे: ढगाळ दुपारी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह (पाण्यावर येणारा एक बारीक किडा), त्याची फ्लाय १८ ते २० नंबर. जलाशयात गाळ खाली बसून जातो, म्हणून पाणी काचेसारखं असतं आणि माशाला दोरही दिसतो. १२ फुटी लीडर लागतो. उभं राहायचं माशाच्या वरच्या अंगाला, तिरपं. फ्लाय दोराच्या आधी त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. बहुतेक मासे निसटतात ते मेंड (पाण्यावरचा दोर उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकणं) उशिरा केल्यामुळे. दोर पाण्यावर पडताक्षणी मेंड करावा. फ्लायमागे रेघ उमटल्यावर काही उपयोग नाही.

मे अखेर ते जून: सिकाडा (झाडाझुडपांवर करकरणारा मोठा किडा). ८ ते १० नंबरची काळी-नारिंगी फोम फ्लाय, ४एक्स टिपेट, काठाच्या झुडपांखाली. फ्लाय थपकन पडली तरी हरकत नाही, खरा सिकाडाही तसाच पडतो. मासा वर आला की दोन क्षण थांबून मगच रॉड उचलावा. घाईत फ्लाय तोंडातूनच निघते. याच सुमाराला मोठा विसर्ग सोडला जातो. खालच्या खोऱ्यातल्या रेझरबॅक सकर या संकटग्रस्त माशाची पिल्लं दिसू लागण्याशी त्याची वेळ जोडतात. तेव्हा मधली धार सोडून द्यावी. ट्राउट बुडालेल्या गवताच्या कडेला येतात, अगदी गुडघाभर पाण्यात.

जुलै-ऑगस्ट: नाकतोडा वर, त्याखाली ६० सेंमीवर निम्फ. दुपारी राफ्टची गर्दी, म्हणून सकाळ किंवा संध्याकाळ धरावी. मासे नाकतोड्याजवळ येऊन मागे फिरत असतील तर १६ नंबरची मुंगी लावून बघावी. वादळी पाऊस झाला की रेड क्रीक हा ओढा लिटल होलच्या खालच्या ‘बी’ भागात गाळ आणतो. त्या संगमाच्या खाली जाण्यापेक्षा ‘ए’ मध्येच राहिलेलं बरं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: ब्राउन ट्राउट अंडी घालतात. तळाच्या खडीत भोवतालपेक्षा उजळ, स्वच्छ दिसणारा खळगा म्हणजे त्यांचं घरटं. त्यावर पाय पडला तर अंडी चिरडतात, म्हणून तिथून वळसा घालावा आणि घरट्यावरच्या माशाला फ्लाय दाखवू नये. स्ट्रीमर (छोट्या माशासारखी फ्लाय, ४ ते ६ नंबर) सिंक-टिप (टोक बुडणाऱ्या) दोरावर, खोल डोहात, थांबत थांबत ओढावा. हुकाची उलटी अणी पक्कडीने चेपलेली असावी. मासा जाळ्यात, पाण्यातच सोडवता येतो.

परतताना बूट ब्रशने घासून पूर्ण वाळवावेत. न्यूझीलंड मडस्नेल ही बारीक गोगलगाय इथे आहे, आणि ओल्या बुटातून ती दुसऱ्या नदीत पोचते.